अप्रकट अंगुलिमुद्रांची जुळणी : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

वऱ्हाडातील जुन्या खरेदीखतांवर व कर्जरोख्यांवर निरक्षर माणसाच्या नावापुढे ‘निशाणी अंगठा’ असे शब्द लिहिलेले आढळतात. हा ठसा देणाऱ्याने समजून उमजून दिलेला असतो. त्यासाठी शाई लावलेली असते, कागद सपाट असतो आणि ठसा कोणाचा हे शेजारीच नमूद असते. पुढे वाद उपस्थित झाला तरी प्रश्न इतकाच राहतो की, हा ठसा अमुक एका माणसाचा आहे किंवा नाही. याहून अगदी निराळा असा दुसरा एक ठसा आहे. रात्री फोडलेल्या दुकानातील पत्र्याच्या पेटीवर, पितळेच्या तांब्यावर किंवा कपाटाच्या काचेवर चोराच्या बोटांचा घाम व तेलकटपणा जे चिन्ह मागे ठेवतो, ते देणाऱ्याच्या नकळत उमटलेले, बहुधा अपुरे आणि पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारे असते. शास्त्रीय परिभाषेत त्यास अप्रकट अंगुलिमुद्रा म्हणावे. आपल्याकडील पोलिसांच्या नित्याच्या बोलण्यात तिला ‘चान्स प्रिंट’ म्हणतात. येथे प्रश्न ‘हा ठसा याचा आहे काय?’ असा नसून ‘हा ठसा कोणाचा?’ असा असतो.

या दोन प्रश्नांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. अंगुलिमुद्राशास्त्राचा इतिहास सामान्यतः एका सलग विजययात्रेसारखा सांगितला जातो. तो बारकाईने पाहिला असता असे दिसते की, या शास्त्राची पहिली मोठी व्यवस्था पहिल्या प्रश्नासाठी उभारली गेली. दुसऱ्या प्रश्नाला ती अपुरी पडली. आणि ही उणीव भरून काढण्याचा प्रत्येक प्रयत्न एक अडचण दूर करीत असता दुसरी अडचण पुढे आणीत गेला. अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागातील, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या तेल्हाऱ्यासारख्या कापूस पिकविणाऱ्या गावाच्या दृष्टीने हा इतिहास पाहिल्यास राजधान्यांतून न दिसणाऱ्या काही गोष्टी स्पष्ट होतात.

आरंभ बंगालमध्ये झाला. इ. स. १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाचा करार लिहून घेताना त्याच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला. उद्देश ओळख पटविण्याचा नव्हता, तर पुढे त्याने करार नाकारू नये एवढाच होता. पुढील काळात हर्शेलने बोटांचे ठसे कालांतराने बदलत नाहीत याची निरीक्षणे केली, आणि निवृत्तिवेतन व दस्तऐवज नोंदणी यांच्या कामी त्यांचा उपयोग करून पाहिला. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन याने आपल्या ग्रंथात या निरीक्षणांना गणिताची जोड दिली. दोन बोटांचे ठसे तंतोतंत सारखे निघण्याचा संभव सहा हजार चारशे कोटींत एक असा त्याचा अंदाज होता. हा अंदाज संपूर्ण व स्पष्ट ठशाविषयी होता, ही गोष्ट पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेली.

ठसे गोळा करणे सोपे होते. साठविलेल्या हजारो पत्रिकांतून हवी ती पत्रिका काढणे हे खरे कठीण काम होते. ते साध्य झाले कलकत्त्यास. एडवर्ड हेन्री हा बंगालचा पोलीस महानिरीक्षक असताना त्याच्या हाताखालील अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी वर्गीकरणाची पद्धत सिद्ध केली, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास जगातील पहिले अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचे मिळाले.

या पद्धतीची रचना समजून घेणे अवश्य आहे, कारण तिचे सामर्थ्य व तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या रचनेतच आहेत. आपल्याकडे सामुद्रिक पाहणारे बोटांवरील आकृतींना शंख व चक्र म्हणत आले आहेत; त्यांत कमानीची भर घातली की मुख्य प्रकार पुरे होतात. दहा बोटांच्या पाच जोड्या लावावयाच्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर त्यास १६ गुण, दुसरीत ८, तिसरीत ४, चौथीत २ आणि पाचवीत १. प्रत्येक जोडीतील एका बोटाचे गुण अंशात व दुसऱ्याचे छेदात मिळवावयाचे आणि दोहोंत एकेक वाढवावयाचा. अंशाला ३२ व छेदाला ३२ मूल्ये संभवतात. म्हणून एकंदर १०२४ वर्ग होतात. पकडलेल्या माणसाच्या दहाही बोटांचे ठसे हाती असले म्हणजे कारकून काही मिनिटांत योग्य कप्प्यापाशी पोहोचतो. नाव बदलून पुन्हा पुन्हा तुरुंगात येणाऱ्या माणसास ओळखण्याचे काम या पद्धतीने उत्तम केले.

आता घटनास्थळी मिळालेल्या एका ठशाचा विचार करू. तो उजव्या अंगठ्याचा आहे व त्यावर चक्र आहे एवढे कळले, तरी उरलेल्या नऊ बोटांविषयी काहीच माहीत नसल्यामुळे १०२४ पैकी ५१२ वर्ग शोधावे लागतात. ठसा कोणत्या बोटाचा हेही कळत नसेल तर ज्या एका वर्गात कोणत्याही बोटावर चक्र नाही तेवढा वगळून बाकीचे १०२३ वर्ग उरतात. म्हणजे वर्गीकरण असून नसल्यासारखे झाले. दहा बोटांसाठी बांधलेली ही इमारत एका बोटाच्या पाहुण्याला दारच देत नव्हती.

तथापि जुन्या काळातही अप्रकट वा तत्सम ठशांवरून गुन्हे उघडकीस आले आहेत, आणि ते कसे आले हे उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील जलपैगुडी जिल्ह्यात एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथे सापडलेल्या बंगाली पंचांगावर रक्ताचे पुसट डाग होते व त्यांत बोटाचा ठसा होता. मृताचा पूर्वीचा नोकर कांगाली चरण हा आधी चोरीबद्दल शिक्षा भोगलेला असल्यामुळे त्याचे ठसे कलकत्त्याच्या केंद्रात होते. त्याच्या उजव्या अंगठ्याशी हा ठसा जुळला. न्यायालयाने त्यास चोरीबद्दल दोषी ठरविले, परंतु खुनाच्या आरोपातून मुक्त केले. लंडनमध्ये १९०२ साली हॅरी जॅक्सन या घरफोड्यास खिडकीच्या नव्याने रंगविलेल्या चौकटीवर उमटलेल्या डाव्या अंगठ्याच्या ठशावरून शिक्षा झाली. तेथील संग्रह १९०१ मध्येच सुरू झालेला असल्याने लहान होता, म्हणून तो हाताने चाळून काढणे शक्य झाले. पहिल्या प्रकरणी संशयित आधी ठाऊक होता. दुसऱ्या प्रकरणी संग्रह आटोपशीर होता. जेथे या दोहोंपैकी एकही गोष्ट नव्हती तेथे ठसा कागदपत्रांत पडून राही.

ही उणीव भरून काढण्याकरिता एकेका बोटाचा स्वतंत्र संग्रह ठेवण्याची कल्पना पुढे आली. हेमचंद्र बोस यांनी एकबोटी वर्गीकरणावर काम केले होते. स्कॉटलंड यार्डमधील हॅरी बॅटली याची एकबोटी पद्धत १९३० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या पद्धतींत आकृतीच्या केंद्राची ठेवण, रेखांची संख्या, त्रिकोणबिंदूचे स्थान असे सूक्ष्म भेद नोंदवावे लागत. श्रम इतके वाढले की, एकबोटी संग्रह केवळ सराईत घरफोड्यांपुरतेच ठेवणे परवडे. म्हणजे शोधाची रीत सुधारली, परंतु शोधाचे क्षेत्र आकुंचित झाले.

येथे वऱ्हाडचा संदर्भ विशेष महत्त्वाचा ठरतो. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा प्रदेश १९०२ च्या कराराने कायमच्या पट्ट्यावर घेण्यात आला आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला. तेल्हारा त्या काळी अकोट तालुक्यात होते. नकाशा पाहिला तर पश्चिमेस बुलढाण्यापलीकडे खानदेश म्हणजे मुंबई इलाखा. दक्षिणेस वाशीमपलीकडे निजामाचे राज्य. उत्तरेस सातपुडा ओलांडला की मेळघाट व निमाड. कापसाच्या हंगामात माणसे व पैसा या सर्व सीमा ओलांडून ये-जा करीत; ठशांच्या पत्रिका मात्र प्रांताप्रांताच्या कपाटांत वेगवेगळ्या राहत. या अडचणीवर उपाय म्हणून १९०२-०३ च्या पोलीस आयोगाच्या शिफारशीनुसार १९०५ मध्ये सिमल्यास मध्यवर्ती केंद्र स्थापन झाले. पण इंचकेप समितीच्या काटकसरीच्या सूचनांमुळे १९२२ मध्ये ते बंद करण्यात आले. देशाचे मध्यवर्ती केंद्र पुन्हा उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये, कलकत्त्यास. १९८६ पासून ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा भाग आहे. मधल्या तेहतीस वर्षांत तज्ज्ञाची दृष्टी कितीही तीक्ष्ण असली, तरी शेजारच्या प्रांतातील पत्रिका त्याच्या मेजावर आपोआप येत नव्हती. १९५६ मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, तेव्हा तेल्हाऱ्याची नोंद जाण्याची दिशाही बदलली. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यास आहे. जुळणीची गुणवत्ता ही केवळ शास्त्राची बाब नसून राज्यकारभाराच्या सीमांचीही बाब आहे, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. संग्रहात ज्याचे ठसे आहेत तोच सापडू शकतो. मग संग्रहात कोण होते? शिक्षा झालेले कैदी तर होतेच. १९२० च्या कैद्यांची ओळख अधिनियमाने त्यांचे व ठराविक गुन्ह्यांत अटक झालेल्यांचे ठसे घेण्यास आधार दिला. परंतु त्याआधीच, १९११ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने, त्या यादीत घातलेल्या जमातींच्या नोंदलेल्या व्यक्तींचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला दिला होता. वऱ्हाडात वावरणाऱ्या फासेपारध्यांसारख्या भटक्या समाजांना या कायद्याची झळ लागली. ज्याने गुन्हा केलेला नाही त्याचा ठसाही केवळ जन्माच्या आधारे कपाटात गेला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण संशोधकाने लक्षात ठेवावयाचे ते असे की, ‘इतके ठसे जुळले’ या आकड्यामागे ‘कोणाचे ठसे घेतले होते’ हा प्रश्न नेहमी उभा असतो. एका समाजाची प्रत्येक व्यक्ती नोंदलेली आणि दुसऱ्या समाजाची क्वचितच, अशा संग्रहातून निघालेला निष्कर्ष त्या संग्रहाच्या रचनेचेही प्रतिबिंब असतो.

यंत्रगणकाने शोधाची जुनी अडचण बहुतांशी दूर केली. यंत्र शंख-चक्रांच्या वर्गांवर फारसे अवलंबून राहत नाही. रेखा कोठे संपते व कोठे दुभंगते, त्या बिंदूंची जागा व दिशा कोणती, हे टिपून ते त्यांची परस्परांशी असलेली मांडणी ताडून पाहते. त्यामुळे एक बोट असले काय किंवा दहा असली काय, शोध शक्य झाला. भारतात १९९२ मध्ये ‘फॅक्ट्स’ ही संगणकीय पद्धत सुरू झाली. पुढे महाराष्ट्राने ठशांबरोबर डोळ्यातील बुबुळ व चेहरा यांचीही नोंद घेणारी ‘अँबिस’ ही व्यवस्था स्वीकारली, आणि २०२२ मध्ये राज्याराज्यांचे संग्रह एकत्र शोधता येतील अशी ‘नाफिस’ ही राष्ट्रीय व्यवस्था कार्यान्वित झाली. तीत प्रत्येक नोंदीस दहा अंकी क्रमांक मिळतो, व त्यातील पहिले दोन अंक राज्य दर्शवितात. १९२२ मध्ये बंद पडलेली सिमल्याची कल्पना शंभर वर्षांनी या रूपाने साकार झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि यंत्र उत्तर देत नाही. ते सादृश्याच्या क्रमाने उमेदवारांची यादी देते. निर्णय तज्ज्ञाने द्यावयाचा असतो. आणि येथेच नवी अडचण उद्भवते. संग्रह जितका मोठा, तितका त्यात परका परंतु अतिशय सारखा दिसणारा ठसा सापडण्याचा संभव अधिक. ११ मार्च २००४ रोजी माद्रिद येथे आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. स्फोटकांच्या साहित्याबरोबर सापडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवरील ठसा अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेने आपल्या प्रचंड संग्रहात शोधला, आणि ओरेगॉनमधील ब्रँडन मेफील्ड या वकिलाशी तो जुळल्याचे एकाहून अधिक अनुभवी तज्ज्ञांनी सांगितले. त्यास अटक झाली. स्पेनच्या पोलिसांनी तोच ठसा दुसऱ्या इसमाचा असल्याचे दाखविल्यावर मे महिन्यातच त्याची सुटका करावी लागली व संस्थेने क्षमा मागितली. हर्शेलच्या काळात अशी चूक जवळजवळ अशक्य होती, कारण इतके ठसे एकत्र शोधण्याची सोयच नव्हती. शोधाचे सामर्थ्य वाढले की निर्णयाची जबाबदारीही त्याच प्रमाणात वाढते.

यानंतर तज्ज्ञांच्या अचूकतेची पद्धतशीर परीक्षा सुरू झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी जुळलेले ठरविलेले ठसे दिशाभूल करणाऱ्या माहितीसह पुन्हा दिले असता चौघांनी आपला निर्णय बदलला. २०११ मध्ये अमेरिकेत १६९ परीक्षकांवर केलेल्या चाचणीत चुकीने ‘जुळला’ म्हणण्याचे प्रमाण सुमारे ०.१ टक्का, तर चुकीने ‘जुळत नाही’ म्हणण्याचे प्रमाण सुमारे ७.५ टक्के आढळले. यावरून शास्त्र निरर्थक ठरत नाही. उलट त्याची विश्वसनीयता प्रथमच मोजली गेली. परंतु ते बिनचूक आहे हा दावा मात्र टिकत नाही. गाल्टनच्या आकड्याने संपूर्ण ठशाच्या अनन्यतेविषयी सांगितले होते. अर्धवट, पुसट ठसा पाहणाऱ्या डोळ्याविषयी त्याने काहीच सांगितले नव्हते.

आपल्या न्यायालयांचा प्रवासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८९९ च्या दुरुस्तीने भारतीय पुरावा अधिनियमाच्या ४५ व्या कलमात अंगुलिमुद्रांविषयीच्या तज्ज्ञमताचा समावेश झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. १९७९ मध्ये जसपाल सिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने अंगठ्याच्या ठशांचे शास्त्र अचूक असून त्यात चुकीस वाव नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला. पुढे १९९७ मध्ये मोहम्मद अमान विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणी त्याच न्यायालयापुढे पितळेच्या भांड्यावरील ठसा आला. तज्ज्ञाच्या मते तो आरोपीचा होता. तरीही न्यायालयाने त्यावर दोषसिद्धी आधारली नाही. कारण जप्त वस्तू केंद्रात पोहोचेपर्यंत कोणी हाताळली नाही याचा पुरावा नव्हता, आणि आरोपीचे नमुन्याचे ठसे दंडाधिकाऱ्यासमोर घेतलेले नव्हते. दोष रेखांच्या तुलनेत नव्हता; ठशाच्या प्रवासात होता. आमच्या मते अप्रकट मुद्रेच्या बाबतीत १९७९ च्या अभिप्रायापेक्षा १९९७ चा निर्णय अधिक मार्गदर्शक आहे.

आता पुन्हा तेल्हाऱ्याकडे वळू. वैशाखातील उन्हात ठशातील पाण्याचा अंश लवकर उडून जातो व भुकटीला धरून ठेवणारा ओलावा नाहीसा होतो. शेणाने सारवलेली भिंत व खडबडीत लाकूड ठसा नीट धरीत नाहीत. पत्रा, काच व गुळगुळीत भांडे धरतात. नांगर, विळा व कापसाची वेचणी यांत वर्षे घालविलेल्या हातांच्या बोटांवरील रेखा झिजलेल्या असतात. अशा माणसाचा शाईचा ठसाही पुष्कळदा पुसट येतो, मग नकळत उमटलेल्या ठशाची काय कथा? त्यातच चोरी झाल्याचे कळताच शेजारीपाजारी घरात गोळा होतात, प्रत्येकजण कपाटाला हात लावून पाहतो आणि चोराच्या ठशावर दहा सज्जनांचे ठसे पडतात. दिल्लीतील यंत्र कितीही कुशल असले तरी जो ठसा पुसला गेला तो त्यास परत आणता येत नाही.

म्हणून सुधारणा करावयाची ती साखळीच्या दोन टोकांना अधिक करावयास हवी. पहिले टोक घटनास्थळी: जागा राखणे, ठशाचे मोजपट्टीसह छायाचित्र घेणे, घरच्या माणसांचे ठसे वगळण्यासाठी घेणे, वस्तू मोहोरबंद करून तिच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद ठेवणे. दुसरे टोक तज्ज्ञाच्या अहवालात: दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचे मत न पाहता स्वतंत्र परीक्षण करणे, ठसा तुलनेस अपुरा असल्यास तसे स्पष्ट लिहिणे, आणि जुळणीबरोबर अनिश्चिततेची कबुली देणे. यांच्या जोडीस संग्रहाच्या न्याय्यतेचा प्रश्न आहेच. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने मोजमापे घेण्याचे क्षेत्र बरेच विस्तारले असून नोंदी पंचाहत्तर वर्षे ठेवण्याची तरतूद केली आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्यातून सुटला तर, न्यायालयाने अन्यथा आदेश दिल्याखेरीज, त्याची नोंद नष्ट करावयाची असेही त्यात आहे. या दुसऱ्या तरतुदीचे पालन किती काटेकोरपणे होते, यावर १९११ च्या कायद्यापासून आपण काय शिकलो हे ठरेल.

कर्जरोख्यावर अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्यास निदान एवढे ठाऊक होते की, आपण अंगठा दिला आहे. ज्याचा ठसा यंत्राच्या यादीत वर आला आहे त्यास ते ठाऊक नसते. तो ठसा खरोखर त्याचा आहे काय, हेही त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी पाहावयाचे असते. अप्रकट मुद्रेच्या जुळणीतील प्रगती ही यंत्राच्या वेगापेक्षा या पाहण्याच्या प्रामाणिकपणावर मोजली जावी, हाच या इतिहासाचा बोध आहे.